मैलभर खाडी, हातभर हद्द

"हा डबा नंदावन्संचा आहे, वाटेत उघडायचा नाही," असं दोनदा बजावून शैलाने, म्हणजे माझ्या बायकोने, मला कार्डिफच्या विमानतळाकडे जाणाऱ्या बसमध्ये बसवून दिलं. डब्यात वेल्श केक होते (नाव केकचं, प्रत्यक्षात मनुका घालून तव्यावर भाजलेल्या जाडसर गोड पुऱ्या). पन्नाशी ओलांडलेल्या माणसाला असं बजावावं लागतं, यात तिचा दोष नाही. मागे तिने शेजारच्या बाईंसाठी दिलेला असाच डबा मी पोहोचवला, तेव्हा त्यात दोनच उरले होते.

मी निघालो होतो उत्तर आयर्लंडला. तिथे लॉख फॉयल नावाची खाडी आहे (लॉख म्हणजे आयरिश भाषेत तळं, पण आत घुसलेल्या समुद्रालाही ते तेच म्हणतात). खाडीचा एक काठ ब्रिटनचा, दुसरा आयर्लंडचा, आणि मधलं पाणी कुणाचं ते अजून ठरलेलं नाही. पलीकडच्या काठावर ग्रीनकॅसल नावाचं कोळ्यांचं गाव आहे. त्याच्या जवळच एका वृद्धाश्रमात माझी धाकटी बहीण नंदा नर्स आहे. तिला मी चार वर्षांत भेटलो नव्हतो. तीन वर्षांत आम्ही एकमेकांशी बोललोही नव्हतो.

कारण सांगतो. गावाकडच्या वाचकांना मी मोजणी खात्यातला माणूस म्हणून माहीत आहे. सव्वीस वर्षं वाई तालुक्यात लोकांच्या हद्दी कायम केल्या, दगड रोवले, शिव्या खाल्ल्या. मग शैलाला कार्डिफच्या इस्पितळात नोकरी लागली आणि मी राजीनामा देऊन बायकोच्या व्हिसावरचा नवरा झालो. निघण्याआधी वडिलांच्या जमिनीची वाटणी करायची होती. नंदा म्हणाली, "दादा, बाहेरचा माणूस कशाला? तूच मोज." मी मोजली. जुनी लोखंडी साखळी काढली, नंदाने एक टोक माझ्या बाजूच्या दगडावर धरलं, दुसरं टोक घेऊन मी चालत गेलो. मधल्या बांधावर वडिलांनी लावलेला रायवळ आंबा आहे. माप संपलं ते आंब्याच्या बुंध्याच्या अलीकडे. आंबा नंदाच्या वाट्याला जात होता. मी साखळी हातभर पुढे ओढली आणि खुंटी ठोकली.

आयुष्यात एवढी एकच मोजणी मी खोटी केली, आणि तीही सख्ख्या बहिणीची. पुढच्या उन्हाळ्यात तिचा फोन आला. "दादा, मोजणीत काही चुकलं तर नाही ना रे?" मी तिच्यावर डाफरलो. सव्वीस वर्षं नोकरी केलेल्या माणसाला शिकवतेस का, असं विचारलं. ती शांतपणे म्हणाली, "कुंपणानंच शेत खाल्लं," आणि तिने फोन ठेवला. तेव्हापासून नणंद-भावजयीचं बोलणं चालू आणि भाऊ-बहिणीचं बंद. आता मला तिच्यासमोर उभं राहून खरं सांगायचं होतं. बाकी खाडी, डोंगर, आगबोट हे सगळं प्रवासवर्णनापुरतं.

अडचण अशी की माझा व्हिसा ब्रिटनचा. तो आयर्लंडला चालत नाही, आणि नंदाचा आयर्लंडमधला परवाना ब्रिटनमध्ये चालत नाही. दोघांनीही रीतसर अर्ज करायचा म्हटलं तर पुढच्या तारखा ऐकूनच धाप लागत होती. हा पेच सोडवला शैलाने. नकाशा बघता बघता ती म्हणाली, "अहो, इथे खाडीच्या तोंडाशी फेरीबोट आहे. तुम्ही अलीकडून चढा, वन्सं पलीकडून चढतील. उतरायचं कुणीच नाही. मधलं पाणी कुणाचंच नाही ना?"

मोजणीवाल्याच्या बायकोला एवढं सुचणारच. नंदाचा निरोपही तिच्याकडूनच आला. "धक्क्यापर्यंत येते. पुढचं पुढे बघू."

बेलफास्टचं विमान म्हणजे देशातल्या देशात, त्यामुळे पारपत्रावर शिक्का वगैरे नाही. तरी दारातल्या पोलिसाने नुसतं बघितलं तर मी पारपत्र, व्हिसा आणि लग्नाचा दाखलाही बाहेर काढला. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय! तो हसून म्हणाला, "एन्जॉय युअर हॉलिडे."

बेलफास्टहून डेरीकडे जाणारी रेल्वे शेवटी शेवटी अगदी समुद्राला खेटून धावते. एका बोगद्यातून बाहेर पडलो तर उजव्या हाताला पांढरी वाळू आणि लाटा, डाव्या हाताला काळा उभा कडा आणि त्यावरून खाली येणारे बारीक धबधबे. आमच्या पाचगणीचा कडा कुणी उचलून समुद्राकाठी ठेवावा, तसा. डब्यातले लोक मोबाइलमध्ये डोकं घालून बसले होते, मी एकटाच या खिडकीतून त्या खिडकीकडे पळत होतो. गाडी जाते त्या शहरालाही दोन नावं आहेत. एका गटाचं डेरी, दुसऱ्याचं लंडनडेरी. रेल्वेने शहाणपणा करून दोन्ही छापली आहेत. सीमावाद म्हटला की मराठी माणसाचे कान आपोआप टवकारतात. मी तर इथे आल्यापासून सशासारखाच हिंडत होतो.

बेलरीना नावाच्या चिमुकल्या स्टेशनवर उतरलो. सांगून ठेवलेली टॅक्सी उभी होती. ती चालवणाऱ्या मॉरीनबाई साठीच्या, पांढऱ्या केसांच्या, बोलायला अघळपघळ. रस्ता सरळसोट, दोन्हीकडे सपाट शेतं, त्यांत मेंढ्या आणि गाजरं. मला हद्दीचे दगड शोधायची खोड. इथे दगड नव्हते, नुसते चर खणलेले होते.

"पलीकडे चाललात?" बाईंनी विचारलं.

"नाही, अर्ध्यापर्यंत," मी म्हणालो.

त्यांनी आरशातून माझ्याकडे नीट बघितलं. मग मी सगळी हकिकत सांगितली, आंब्याची सोडून. बाई खूश झाल्या. म्हणाल्या, "अर्धं कुठं ते मात्र विचारू नका हं. ते आमच्यातल्या कुणालाच माहीत नाही."

वाद तसा जुना आहे. चारेकशे वर्षांपूर्वी इंग्लंडच्या राजाने लंडनच्या व्यापाऱ्यांना इथली जमीन दिली, तेव्हा सनदेत खाडीचं पाणी आणि त्यातले मासेही लिहून दिले. पुढे शंभरेक वर्षांपूर्वी आयर्लंड वेगळा झाला. ब्रिटन म्हणतं, सनद बघा, पलीकडच्या किनाऱ्यापर्यंतचं सगळं पाणी आमचं. आयर्लंड म्हणतं, तुमच्या राजाचा कागद आम्हाला मान्य नाही. दोन्ही सरकारं मधूनमधून चहा पितात, बोलतात आणि उठतात. मी मनात म्हटलं, हे तर आमच्या तालुक्यातलंच प्रकरण आहे, फक्त वादी-प्रतिवादी मोठे. आणि त्या क्षणी मला फार बरं वाटलं. जगात इतकी मोठी मोजणी पडून असेल तर माझी हातभर जमीन कोण विचारतो? मग आठवलं की नंदा विचारते.

"माझे वडील त्याच पाण्यात मासे धरायचे," मॉरीनबाई म्हणाल्या. "कुणी विचारलं कुठल्या देशात होता, तर म्हणायचे, ओलाव्यात!"

मॅगिलिगनचं टोक म्हणजे जमीन संपत संपत गेलेली वाळूची जीभ. त्यावर एक गोल, बुटका, जाड भिंतींचा बुरूज आहे. फ्रेंच येतील म्हणून तो बांधला होता, फ्रेंच काही आले नाहीत. समोर पाण्यापलीकडे ग्रीनकॅसलची पांढरी घरं इतकी जवळ दिसत होती की वाळत घातलेले कपडेही मोजावेत. मधल्या चिंचोळ्या तोंडातून भरतीचं पाणी नदीसारखं आत धावत होतं.

बोटीला वेळ होता म्हणून गाडीवरून मासे आणि बटाट्याच्या फोडी (इथले लोक चिप्स म्हणतात, पण कुरकुरीत काही नाही, बोटभर जाडीच्या मऊ फोडी) घेतल्या. पहिला घास घेतो तोच मागून एका गलेलठ्ठ समुद्रपक्ष्याने झडप घालून माझ्या हातातला मासाच पळवला आणि थेट पलीकडच्या काठाला नेला. त्याला कुणी व्हिसा विचारला नाही. गाडीवाल्याने न मागता दुसरा तुकडा दिला. म्हणाला, "तो रोज आयर्लंडमध्येच जेवतो."

फेरीबोट म्हणजे पत्र्याचा तराफाच, दोन्ही टोकांना लोखंडी रॅम्प (खाली पडणारी फळी, तिच्यावरून गाड्या चढतात). पाच-सहा मोटारी, दोन सायकलवाले आणि मी. दोर सांभाळणारा डेक्लन नावाचा लालबुंद गडी होता. त्याला मी आधीच सांगून टाकलं की मी पलीकडे उतरणार नाही.

"मग जाता कशाला?"

"बहिणीला भेटायला."

"ती तरी उतरणार ना अलीकडे?"

"नाही."

"बरं," तो म्हणाला. रोज असेच प्रवासी येत असावेत इतक्या सहजपणे त्याने मला बुडू नये म्हणून घालायच्या लाल जाकिटांच्या पेटीवर बसायची जागा दिली.

बोट निघाल्यावर पाण्याने आम्हाला चांगलंच तिरकं ओढलं. मी डेक्लनला विचारलं, हद्द साधारण कुठून जाते? त्याने आधी उजवीकडे हात केला, मग डावीकडे, मग टोपी काढून डोकं खाजवलं. मग खाडीच्या आतल्या अंगाला, आयर्लंडच्या किनाऱ्याजवळ, काळ्या रेघा दाखवल्या. लोखंडी घडवंच्यांच्या रांगा होत्या त्या, भरतीत हळूहळू बुडत चाललेल्या. त्यांवर जाळीच्या पिशव्यांतून कालवं वाढवतात (कालव म्हणजे शिंपल्यातला मऊ जीव, कोकणातल्या वाचकांना सांगायला नको). परवाना लागतो, पण द्यायचा कुणी? एका सरकारने दिला तर दुसरं भडकेल, म्हणून कुणीच देत नाही आणि कुणीच उठवत नाही. दोघांचं भांडण, तिसऱ्याचा लाभ!

"त्यात माझ्या मेव्हण्याच्याही पिशव्या आहेत," डेक्लन म्हणाला. "हद्द ठरली तर पहिला तोच रडेल."

ग्रीनकॅसलचा उतार जवळ आला. धक्क्यावर निळ्या रेनकोटमध्ये नंदा उभी होती. जरा जाड झालेली, केसांत पांढरं आलेलं, खांद्याला पिशवी. हुबेहूब आई! मला एकदम भरून आलं आणि मी उगाच डबा या हातातून त्या हातात घेतला.

रॅम्प खाली पडला. गाड्या उतरल्या. मी रॅम्पच्या अगदी टोकाला जाऊन उभा राहिलो. पुढचं पाऊल टाकलं की सिमेंट, आणि सिमेंटवर मी घुसखोर. नंदा सिमेंटवर, माझ्यापासून चार हातांवर.

"ये," मी म्हणालो.

"तू ये," ती म्हणाली.

"मला येता येत नाही, नंदे. व्हिसा नाही."

"कोण बघतंय इथं? ड्यूटीवरच्या मुली जातात-येतात रोज."

"कुणी बघत नसलं तरी..." एवढं म्हणालो आणि माझीच जीभ अडखळली. आंब्याच्या बांधावरही कुणी बघत नव्हतं.

अलीकडे जाणाऱ्या गाड्या चढायला लागल्या. डेक्लनने आम्हा दोघांना बाजूला व्हायला सांगितलं, मी बोटीच्या कडेला, ती धक्क्याच्या कडेला. तिचे पाय काही हलले नाहीत. लहानपणी विहिरीवर रुसून बसायची तेव्हा अशीच बसायची, आणि समजूत काढायला शेवटी मलाच जावं लागायचं.

"नंदे, बोट सुटेल!"

"सुटू दे. मी धक्क्यापर्यंत येते म्हणाले होते. आले."

शेवटची गाडी चढली. इंजिन घरघरायला लागलं. डेक्लनने माझ्याकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं आणि रॅम्पच्या कळीवर हात ठेवून उगाच दुसरीकडे बघत बसला. मला माहीत होतं की फार वेळ तो असा बसू शकणार नाही. मनात तयार केलेली दहा वाक्यं होती, त्यांतलं एकही आठवेना. इंजिनाच्या वर आवाज चढवून मी ओरडलो, "साखळी मी ओढली होती! हातभर! आंबा तुझा होता!"

नव्याने चढलेले दोन सायकलवाले, एक कुत्रा आणि गाडीतल्या एक आजीबाई, सगळे माझ्याकडे बघायला लागले. भाषा कुणालाच कळली नव्हती, पण काहीतरी कबूल केलंय एवढं सगळ्यांना कळलं असावं. आजीबाईंनी काच खाली केली.

नंदा चार पावलं चालत आली आणि बोटीवर चढली. डेक्लनने एक क्षणही न दवडता रॅम्प उचलला.

पेटीवर आम्ही दोघं बसलो. पाण्याकडे बघत ती म्हणाली, "मला तेव्हाच माहीत होतं."

"कसं?"

"अरे दादा, दुसरं टोक माझ्याच हातात होतं! तू ओढलीस तेव्हा कडी दगडावरनं निसटली, बोट सोललं माझं. घरी जाऊन हळद लावली."

सव्वीस वर्षं दुसरं टोक धरणाऱ्याला मी माणूस म्हणून मोजलंच नव्हतं. तो फक्त टोक धरतो, असंच आम्ही समजायचो.

"मग त्याच वेळी बोलली का नाहीस?"

"म्हटलं, तुला झाड एवढं हवं असेल तर मागशील. दिलं असतं की! आणि ओढलीच आहेस तर आज नाही उद्या सांगशील. म्हणून फोन केला, तर तू मलाच ओरडलास." तिचा आवाज चिरकला. "झाडाचं काही नाही रे. मला खोटं पाडलंस त्याचं आहे."

मी माफी मागितली. नीट, हात जोडून मागितली. तिने माझे हात खाली केले आणि म्हणाली, "बास, लोक बघतायत. पहिल्यांदा खा." पिशवीतून धपाटे निघाले, लसणाची चटणी निघाली, आणि मला आवडतात म्हणून आणलेल्या कांद्याच्या पाती निघाल्या. मी वेल्श केक काढले. ती म्हणाली, "वहिनी पंधरा टाकलेत म्हणाली होती. अकराच आहेत." विमानात भूक लागते, असं मी म्हणालो. ती इतकी हसली की आजीबाईही हसायला लागल्या.

बोट मॅगिलिगनला टेकली, गाड्या उतरल्या, गाड्या चढल्या, आम्ही बसून राहिलो. परत ग्रीनकॅसल. परत मॅगिलिगन. तिच्या वृद्धाश्रमातल्या म्हाताऱ्यांच्या गोष्टी झाल्या, शैलाच्या गुडघ्याची चौकशी झाली, आईची आठवण निघाली आणि दोघंही थोडं रडलो. डेक्लनला धपाटा दिला. त्याने तो घडी घालून एका घासात संपवला आणि विचारलं, "तुम्हाला उतरायचं तरी कुठे आहे?"

"कुठेच नाही," नंदा म्हणाली.

तिसऱ्या फेरीत पाण्याची ओढ थांबली होती. भरती पुरी झाली होती आणि कालवांच्या घडवंच्या पूर्ण बुडाल्या होत्या. मी म्हणालो, "नंदे, आता आंबा तुझ्या नावावर लावतो. रीतसर दुरुस्ती करतो."

"मला एकटीला नको," ती म्हणाली. "मग तू त्याच्याखाली बसायला येणार नाहीस. मला माहीत आहेस तू. सामाईक लाव."

सामाईक हा शब्द आमच्या खात्यात फारसा आवडता नाही. ज्या विहिरीचं, ज्या वाटेचं भांडण काही केल्या मिटत नाही, तिथे कंटाळून आम्ही 'सामाईक' लिहितो आणि पुढच्या गावाला जातो. मी तिला तसं सांगितलं. ती म्हणाली, "तू लिही. अर्थ आपण बघू."

संध्याकाळच्या फेरीला ती ग्रीनकॅसलला उतरली. या वेळी रॅम्पच्या टोकापर्यंत मी तिच्यासोबत गेलो आणि तिथून हात हलवला. आम्ही दोघांनीही अर्ज करून ठेवायचा असं ठरलं आहे. ज्याचा व्हिसा आधी येईल त्याने जायचं. परतीच्या गाडीत मॉरीनबाईंनी विचारलं, "सापडलं का अर्धं?" मी म्हणालो, शोधायचं राहूनच गेलं.

कार्डिफला आल्यावर दुसऱ्या दिवशी गावच्या तलाठी भाऊसाहेबांना अर्ज पाठवला. मोजणी माझी, चूक माझी, असं स्पष्ट लिहिलं. इतरांचे असे अर्ज मी पुष्कळ वाचले होते, स्वतःचा पहिल्यांदाच लिहिला. आठवड्याने त्यांचा फोन आला.

"साहेब, अर्ज वाचला. हद्दीचं बघतो मी. पण झाडापुढे शेऱ्यात काय लिहू? ताईंचं नाव?"

"सामाईक लिहा."

भाऊसाहेब सहानुभूतीने म्हणाले, "म्हणजे भाऊ-बहिणीचं अजून मिटलं नाही तर?"

"मिटलं," मी म्हणालो. "म्हणून तर."